टॅब, कंस आणि शून्याखालचं तापमान

नाशिक जिल्ह्यात निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारीत जोर धरतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. माल तोडला की प्रीकूलिंग, मग कोल्ड स्टोरेज. तिथे तापमान शून्य अंशाच्या आजूबाजूला धरून ठेवायचं असतं. समजा, ते मोजायला नाशिकच्याच अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटमध्ये तयार झालेला बोर्ड बसवलाय. त्यावर लिनक्स चालतंय आणि कोपऱ्यात एलएम७५ ही तापमान मोजणारी आठ पिनांची चिप आहे. दिवसभर पडद्यावर १, ०.५, ० असे आकडे येतात. पहाटे खोली उणे अर्ध्या अंशावर उतरते आणि पडद्यावर उमटतं २५५.५.

चिप ठणठणीत आहे, वायरिंगही. एलएम७५ तापमान नऊ बिटांत देते आणि एक पायरी अर्ध्या अंशाची असते. शून्याखालचे आकडे ती टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने लिहिते, म्हणजे उणे अर्धा अंश असेल तेव्हा नऊच्या नऊ बिट १ होतात. हा आकडा चिन्हासकट वाचला तर उणे एक पायरी. चिन्ह विसरून वाचला तर ५११ पायऱ्या, आणि ५११ चे निम्मे २५५.५. ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा लिनक्समधला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याने एका ओळीत चुकीचा डेटाटाइप (आकडा साठवण्याचा प्रकार) निवडला, एवढीच ही चूक. टेबलावर टेस्टिंग करताना ती दिसणं शक्य नाही, कारण नाशिकच्या कुठल्याही ऑफिसात टेबलावरचं तापमान शून्याखाली जात नाही.

मग अशी ओळ पकडायची कुणी? कोड वाचणाऱ्याने. आणि वाचणाऱ्याला ती दिसावी म्हणून बाकीची फाइल कशी लिहिलेली असावी, याला कोड स्टाईल म्हणतात. कॉलेजात हा विषय 'नीटनेटकेपणा' म्हणून शिकवला जातो आणि मुलं त्याला अक्षर-सुवाच्य-काढा छापाची सूचना समजतात. हार्डवेअर मॉनिटरिंगच्या ड्रायव्हरांमध्ये तसं अजिबात नाही. तिथल्या बऱ्याच स्टाईल-नियमांमागे एक खराखुरा बग उभा आहे. काही नियमांमागे मात्र काही नाही, नुसती वहिवाट आहे. तेही सांगतो.

आधी हे ड्रायव्हर करतात काय ते बघू. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये 'ड्रायव्हर्स' फोल्डरच्या आत 'एचडब्ल्यूमॉन' नावाचा फोल्डर आहे. तापमान, व्होल्टेज, करंट, पंख्याचा वेग, पॉवर, आर्द्रता मोजणाऱ्या चिपांचे ड्रायव्हर तिथे नांदतात. काम तसं छोटं आहे. चिपच्या रजिस्टरमधला (आकडा ठेवायच्या आतल्या कप्प्यातला) कच्चा आकडा उचलायचा, ठरलेल्या एककात बदलायचा आणि सिसएफएस, म्हणजे कर्नलमधली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी यंत्रणा, तिच्यातल्या एका फाइलीतून बाहेर दाखवायचा. एका फाइलीत एकच आकडा. कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित टाळतात, म्हणून एककं बारीक ठेवली आहेत: तापमान मिलीअंश सेल्सिअसमध्ये, व्होल्टेज मिलीव्होल्टमध्ये, करंट मिलीअँपिअरमध्ये, पॉवर मात्र मायक्रोवॉटमध्ये. खोलीत साडेपंचवीस अंश असतील तर 'टेम्प१_इनपुट' ही फाइल २५५०० सांगते. तापमान आणि पंखे यांच्या फाइलींचे क्रमांक १ पासून सुरू होतात, व्होल्टेजचे ० पासून. का, तर जुन्या चिपांच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) ते तसे होते. नवा माणूस इथे हमखास अडखळतो. 'सेन्सर्स' ही कमांड असो की कंपनीचं स्वतःचं स्क्रीन-सॉफ्टवेअर, सगळ्यांचा भरवसा या एककांवर असतो. त्यामुळे पॉवर मिलीवॉटमध्ये देणारा ड्रायव्हर कितीही देखणा असला तरी परत जातो.

आता स्टाईल. सातबारा हातात आला की जाणता माणूस तो पहिल्या अक्षरापासून वाचत बसत नाही. नजर थेट 'इतर हक्क'च्या रकान्यात जाते: बोजा आहे का, कुणाचं नाव चढलंय का. हे जमतं, कारण रकाने सगळीकडे ठरल्या जागी असतात. उद्या प्रत्येक तलाठ्याने आपापल्या आवडीने रकाने मांडले तर बोजा लपवावा लागणारच नाही, तो आपोआप लपेल. एचडब्ल्यूमॉनचा रिव्ह्यू करणारा असाच वाचतो. आकडा वाचणारं फंक्शन कुठे, मर्यादा लिहिणारं कुठे, परवानग्या ठरवणारं कुठे, हे त्याला न शोधता सापडायला हवं. म्हणून आता नवीन ड्रायव्हरने आपली नोंदणी एकाच ठरावीक पद्धतीने करायची असते. 'इज_व्हिजिबल', 'रीड', 'राइट' अशी फंक्शनं द्यायची आणि सिसएफएसच्या फाइली तयार करण्याचं काम कर्नलवर सोडायचं. जुन्या ड्रायव्हरांत या फाइली एकेक करून हाताने बनवलेल्या दिसतात. ते बघून नवा ड्रायव्हर लिहायला बसू नका.

कर्नलचा स्टाईलविषयीचा मूळ दस्तऐवज लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याचा. त्यातला सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे टॅब आठ अक्षरांचा. दोन किंवा चार स्पेसची सवय असलेल्या मुलांना कोड उजवीकडे पळत सुटल्यासारखा वाटतो. पण हेतू तोच आहे. 'इफ'च्या आत 'फॉर', त्याच्या आत आणखी 'इफ' असं तीन पातळ्यांपुढे गेलात की ओळ कडेला टेकते. तिथे ओळ मोडण्यापेक्षा फंक्शन फोडायला हवं. ओळीची पसंतीची लांबी ८० अक्षरं. २०२० मध्ये तपासणी स्क्रिप्टने तक्रार करण्याची मर्यादा १०० वर नेली, तरी दस्तऐवजात पसंती ८० लाच आहे. एक अपवाद फार शहाणपणाचा आहे. लॉगमध्ये छापला जाणारा मजकूर कितीही लांब झाला तरी मधे तोडायचा नाही. फील्डवरचा माणूस तोच मजकूर जसाच्या तसा सोर्समध्ये शोधणार असतो, आणि दोन ओळींत तोडलेलं वाक्य त्याला सापडणार नाही.

ही स्क्रिप्ट म्हणजे चेकपॅच. पर्लमध्ये लिहिलेली, कर्नलच्या सोर्ससोबतच येते. एचडब्ल्यूमॉनमध्ये ती 'स्ट्रिक्ट' पर्याय लावून चालवायची अपेक्षा असते. एरर शून्य, वॉर्निंग शून्य, आणि त्याखालच्या 'चेक' दर्जाच्या सूचना उरल्याच तर अगदी थोड्या, त्याही कारणासकट. 'मला हीच पद्धत आवडते' हे कारण चालत नाही, असं तिथल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. वर खुलासाही आहे, की प्रत्येक फालतू सूचना एखादी खरी अडचण झाकायला मदत करते. हा खुलासा मला फार पटतो. चाळीस वॉर्निंगा रोज दिसत असतील तर एकेचाळिसावी कोण वाचणार?

पण चेकपॅच फक्त मजकूर बघतं, अर्थ त्याला कळत नाही. वरचा २५५.५ वाला ड्रायव्हर त्यातून निर्धोक सुटतो. स्क्रिप्ट पास झाली म्हणजे रिव्ह्यू झाला असं समजणारी टीम असेल, तर तिथे स्क्रिप्ट नसलेली बरी.

कंसांचा किस्सा थोडा गुंतागुंतीचा आहे. 'इफ'खाली एकच विधान असेल तर कर्नलच्या स्टाईलमध्ये महिरपी कंस लावत नाहीत. 'इफ' आणि 'एल्स' यांपैकी एकाला कंस लागले तर दुसऱ्यालाही लावायचे. आता २०१४ मधली ॲपलची प्रसिद्ध चूक आठवा. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली. दुसरी ओळ 'इफ'च्या खाली सरकवलेली होती, म्हणून त्याच्या ताब्यातली वाटायची. कंस नसल्यामुळे ती ताब्यात नव्हती, ती दर वेळी चालायची आणि पुढची सही-तपासणी गाळली जायची. खरं सांगायचं तर कर्नलची कंस-न-लावण्याची पद्धत अशा चुकीला दार उघडंच ठेवते. 'कर्नलची स्टाईल म्हणजे सर्वोत्तम स्टाईल' म्हणणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या आवृत्तीपासून जीसीसी कंपायलर अशा फसव्या मांडणीची वॉर्निंग देतो, म्हणून बरंचसं निभावतं. तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये कंस सक्तीचे करायचे असतील तर जरूर करा. कर्नलला पाठवताना मात्र तिथल्या रिवाजाने जा.

व्हेरिएबलच्या टाइपकडे येऊ, कारण रिव्ह्यूमधला सगळ्यात कसदार भाग हाच. आयस्क्वेअरसी (किंवा आयटूसी) बसवरून, म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या तारांवरून, एक बाइट वाचणारं फंक्शन यश आलं तर ० ते २५५ मधला आकडा देतं आणि बिनसलं तर ऋण एरर क्रमांक. नवशिका विचार करतो, बाइटच तर वाचतोय, म्हणून उत्तर 'यू८' (आठ बिटांच्या, बिनचिन्हाच्या) टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. ओळ सुबक दिसते. चिपने बसवर उत्तर दिलं नाही की अनेकदा उणे ६ येतो. 'यू८'मध्ये ऋण संख्येला जागाच नाही, त्यामुळे तो २५० होतो. खालची 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. वायर निघाली तर यंत्राने 'वाचता आलं नाही' म्हणायला हवं. इथे, एक पायरी एका अंशाची असेल तर, ते शांतपणे २५० अंश सांगतं. म्हणून उत्तर घ्यायचं ते 'इंट' (चिन्हासकट पूर्णांक) टाइपच्या 'रेट' किंवा 'एरर' अशा ओळखीच्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये, लगेच तपासायचं आणि मगच पुढे वापरायचं. हे नाव सगळ्या फाइलींत तेच असलं की 'यू८ रेट' अशी ओळ डोळ्यांना लगेच खटकते. नऊ बिटांच्या त्या चिन्हासाठीही कर्नलमध्ये 'साइन_एक्स्टेंड३२' नावाचं तयार फंक्शन आहे. स्वतःचं 'सगळ्यात वरचा बिट १ असेल तर ५१२ वजा करा' लिहिलंत तर ते बरोबर असेलही, पण वाचणाऱ्याला ते बोटं मोजून पडताळावं लागतं. तयार फंक्शन नावातच सांगतं की इथे चिन्हाचा विचार झालेला आहे.

मर्यादा लिहिण्याच्या फंक्शनमध्ये क्रम बघायचा. रिवाज असा की वापरणाऱ्याने चिपच्या आवाक्याबाहेरचा आकडा दिला तर एरर न देता तो जवळच्या टोकावर आणून ठेवायचा. एलएम७५ ची टोकं उणे ५५ आणि १२५ अंश. आता ३२ बिटांच्या बोर्डावर कुणीतरी वरची अलार्म-मर्यादा म्हणून २१४७४८३६४७ लिहिलं, म्हणजे त्या टाइपमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा. ड्रायव्हर आधी अर्ध्या अंशाला पूर्णांकित करण्यासाठी त्यात २५० मिळवतो, मग ५०० ने भागतो आणि मग टोकं तपासतो. पहिल्याच बेरजेला आकडा उलटून प्रचंड ऋण होतो, टोकं तपासणारी ओळ त्याला इमानेइतबारे उणे ५५ वर बसवते आणि अलार्म कायमचा वाजत राहतो. ओळी त्याच, फक्त क्रम बदला: आधी 'क्लॅम्प', मग बेरीज-भागाकार. असा आकडा कोण लिहिणार, असं वाटेल. रिव्ह्यू करणारे तो मुद्दाम लिहून बघतात.

हीच गणितं मॅक्रोत (कंपाइल होण्याआधी जागच्या जागी मजकूर भरणाऱ्या नावात) कोंबू नयेत अशी एचडब्ल्यूमॉनची वेगळी सूचना आहे. मॅक्रोला टाइप नसतो आणि त्याला दिलेली गोष्ट आत दोनदा आली तर ती दोनदा मोजली जाते. साधं फंक्शन लिहिलं तर कंपायलर टाइप तपासतो आणि वाचणाऱ्याला कळतं की आत काय गेलं, बाहेर काय आलं. एखादी ओळ वाचते म्हणून मॅक्रो लिहिण्यात मला तरी कधी शहाणपण दिसलेलं नाही.

बाकी नियम भराभर. हेडर फाइली अक्षरक्रमाने लावा. फाइल कुणी वाचायची-लिहायची त्या परवानग्या '०४४४', '०६४४' अशा आकड्यांत लिहा, पूर्वीची लांबलचक सांकेतिक नावं चेकपॅचला आता चालत नाहीत. कॉमेंटच्या दोन पद्धती एकाच ड्रायव्हरमध्ये मिसळू नका, फक्त पहिल्या ओळीतल्या परवान्याच्या खुणेला सूट आहे. फंक्शनची आगाऊ घोषणा टाळा, कोडचा क्रमच तसा लावा. नेटवर्किंगवाले व्हेरिएबल लांब ओळीकडून आखूड ओळीकडे उतरत्या क्रमाने मांडायला लावतात. एचडब्ल्यूमॉनमध्ये ती सक्ती नाही. यातल्या काहींमागे कसलंही खोल कारण नाही. वाद घालण्यात वेळ न घालवता पाळून मोकळं व्हावं.

एक नियम मात्र स्टाईलचा दिसतो आणि निघतो आयुष्यक्रमाचा. 'डेव्हएम'ने सुरू होणारी फंक्शनं घेतलेली साधनं डिव्हाइस जाताना आपोआप, उलट्या क्रमाने सोडतात. सोय मोठी आहे, कारण चुकलं तर मागे फिरून आवरण्याच्या 'गोटू'च्या रांगा त्यामुळे वाचतात. लोक उत्साहाने नोंदणी 'डेव्हएम'ने करतात, पण चिपचा वीजपुरवठा बंद करण्याचं काम 'रिमूव्ह' फंक्शनमध्ये हाताने ठेवतात. गोची अशी की आधी 'रिमूव्ह' चालतं आणि 'डेव्हएम'वाली साधनं त्यानंतर सुटतात. म्हणजे मधल्या क्षणात चिप बंद आहे आणि 'टेम्प१_इनपुट' मात्र उघडी आहे. त्या क्षणी कुणी वाचलं तर गडबड. अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं दिसलं की रिव्ह्यूवाला थांबतो. उपाय दोनच. वीज बंद करण्याचं कामही 'डेव्हएम'च्या यादीत टाका, त्यासाठी फंक्शन आहे. नाहीतर नोंदणीही हाताने करा आणि हातानेच काढा.

जुना ड्रायव्हर दुरुस्त करताना मोह होतो की लगे हात टॅब, कंसही सुधारून टाकावेत. एकाच पॅचमध्ये, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, ते करू नका. तीनशे ओळींच्या स्पेस-बदलात एक ओळ तर्क बदलणारी असेल तर ती वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटणारच. स्टाईलचा पॅच वेगळा, बगचा वेगळा. शक्यतो बगचा आधी, म्हणजे तो जुन्या स्थिर कर्नलांमध्येही सरळ नेता येतो. वापरात असलेल्या जुन्या ड्रायव्हरचं नुसतं रंगकाम करणारे पॅच फारसे कुणाला आवडत नाहीत, कारण प्रत्येक ओळीचा इतिहास शोधताना मग त्या रंगकाम करणाऱ्याचंच नाव पुढे येतं.

आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये रिव्ह्यू बहुधा खुर्ची फिरवून होतो. 'सर, जरा बघता का?' 'चालतंय ना? मग टाक.' कर्नलमध्ये हाच व्यवहार साध्या मजकुराच्या ईमेलवर आणि सगळ्यांसमोर होतो. एचडब्ल्यूमॉनचे मेंटेनर (त्या कोडची देखभाल करणारे) ग्युंटर रोक असोत की आणखी कुणी, उत्तर तुमच्या ओळीच्या खाली एका वाक्यात येतं: हे कशासाठी? इथल्या मुलांना ते तुसडं वाटतं. तसं मनाला लावून घेऊ नये. सरळ उत्तर द्यावं, पटलं तर बदलावं, न पटलं तर डेटाशीटचा आधार देऊन सांगावं, आणि दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन रेघांच्या खाली लिहावं. त्या रेघांखालचा मजकूर कायमच्या इतिहासात जात नाही, म्हणून तिथे मोकळेपणाने लिहिता येतं. आणि जी टिप्पणी मान्य केली नाही तिचा उल्लेख न करता गुपचूप पुढची आवृत्ती पाठवणं, हे मात्र तिथे खरोखर उद्धटपणाचं समजतात.

कोड बाहेर पाठवायचाच नसेल, ड्रायव्हर कारखान्याच्या बोर्डापुरताच राहणार असेल, तरी यातलं बहुतेक लागू पडतं. एक सोय तर घरबसल्या वापरण्यासारखी आहे. कर्नलमध्ये 'आयटूसी-स्टब' नावाचं मॉड्यूल आहे. त्याला पत्ता दिला की तो त्या पत्त्यावर खोटी चिप उभी करतो. तिच्या रजिस्टरमध्ये हवा तो आकडा भरा आणि आपला ड्रायव्हर काय वाचतो ते बघा. एलएम७५ सारख्या चिपसाठी दोन बाइट उलट्या क्रमाने भरायला विसरू नका, कारण ती मोठा बाइट आधी पाठवते. मे महिन्यात, पंख्याखाली बसून, पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये न जाता उणे अर्धा अंश असा तपासता येतो. उणे ५५ ही, आणि १२५ ही. वाचन चालू असताना मधेच वायर निघाल्याचं नाटक मात्र या स्टबला जमत नाही. उणे सहाचे २५० होतात का, ते फाइल उघडून ओळीवर बोट ठेवूनच बघावं लागतं.